जिम कॉर्बेटच्या रिग्बी बंदुकीची हकीगत

शस्त्रावर माणसाचा जीव जडतो ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. खंडेनवमीस ज्या घरांत एखादी जुनी तरवार किंवा तोडेदार बंदूक पाटावर मांडून तिला झेंडूचीं फुलें वाहिलीं जातात, त्या घरच्या मंडळींस ती कोणत्या लढाईंत होती असें विचारावें; उत्तर बहुधा ठरलेलें असतें, तें म्हणजे पानिपत. पुढें पुरावा मागितला कीं यजमानांचा चेहरा उतरतो आणि चहा येण्यास उशीर लागतो. तथापि संशोधकानें पुरावा मागितलाच पाहिजे. वस्तु खरी असते, तिच्यावरील प्रेमहि खरें असतें. परंतु तिला चिकटलेली कथा खरी असतेच असें नाहीं. उलट प्रेम जितकें उत्कट तितकी कथा अधिक संशयास्पद, असा आमचा अनुभव आहे.

आज ज्या बंदुकीची हकीगत वाचकांपुढें ठेवावयाची ती मराठी घरांतील नव्हे. ती जर्मन मुशींतून निघाली, इंग्रज कारागिरानें घडविली, कलकत्त्याच्या दुकानीं आली आणि कुमाऊंच्या डोंगरांत नांवारूपास चढली. जिम कॉर्बेट या विख्यात शिकाऱ्याची ती रिग्बी रायफल. महाराष्ट्राशीं तिचा संबंध एका बाजूनें मात्र खरा आहे. जिच्यामुळें हें नांव जगभर झालें ती ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ ही पोथी १९४४ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनें काढली. तत्पूर्वीं १९३५ मध्यें कॉर्बेटनें कांहीं शिकारकथा नैनितालास स्वखर्चानें अवघ्या शंभर प्रतींत छापून मित्रांस वांटल्या होत्या. त्या हकीकतींचें सर्वांच्या हातीं जाणारें पुस्तक झालें तें मुंबईंत, रॉय हॉकिन्स या संपादकाच्या हाताखालीं. या दुव्याचा पुढें उपयोग होणार आहे, म्हणून प्रथमच सांगून ठेवला.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ रोजीं नैनितालास झाला. बाप तेथील पोस्टमास्तर. कुटुंब मोठें, पैसा बेताचा. हिंवाळ्यांत सारें बिऱ्हाड पायथ्याच्या काळाढुंगीस उतरे, आणि तेथल्या रानांत या मुलाचें शिक्षण झालें. त्याच्या हातीं आलेली पहिली बंदूक म्हणजे तोंडानें ठासावयाची एक जुनी दुनळी. तिची उजवी नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेनें बांधलेला होता. चालूं शकणारी नळी एकच. दारू व छरेहि मोजकेच. पुढें नैनितालच्या स्वयंसेवक पलटणींत पोरसवदा असतां तेथील सार्जंट-मेजरनें त्यास मार्टिनी जातीची ४५० बोअरची रायफल वापरण्यास दिली. काडतुसें हवीं तितकीं मिळतील, मात्र जपून वापरावीं आणि रिकामीं नळकांडीं परत आणून द्यावीं, अशी अट होती. या दोन गोष्टी किरकोळ वाटतील. आम्हांस त्या वाटत नाहींत. ज्याच्या लहानपणीं प्रत्येक बार हिशेबाचा होता, तो पुढें एकाच हलक्या बंदुकीवर चाळीस वर्षें विसंबून कां राहिला, हें समजण्यास त्यांचा उपयोग होतो. संस्थानिकांच्या शिकारखान्यांत दहा-वीस बंदुका रांगेनें उभ्या असत आणि मानकरी भरलेली बंदूक हातांत देत असे. तेथें असें प्रेम उपजत नाहीं.

आतां बंदुकीकडे वळूं. नळीच्या आंत पिळाच्या खांचा पाडल्या म्हणजे गोळी स्वतःभोंवतीं गरगरत जाते आणि नेम लांबवर टिकतो. अशा बंदुकीस रायफल म्हणतात हें पुष्कळांस ठाऊक असेलच. १८९२-९३ च्या सुमारास जर्मनींतील ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्यानें ७ मिलिमीटर व्यासाच्या नळीचें आणि ५७ मिलिमीटर लांबीच्या नळकांड्याचें एक काडतूस सिद्ध केलें. स्पेननें तें आपल्या लष्करास दिलें आणि १८९८ सालीं क्यूबांत अमेरिकनांनीं त्याचा प्रसाद चाखला. पुढच्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर शेतकऱ्यांनीं त्याच काडतुसानें इंग्रज पलटणी दूरवरून टिपल्या. इंग्रजांचा एक गुण येथें मान्य केला पाहिजे. ज्या हत्यारानें मार खाल्ला तें हत्यार वाईट असें ते म्हणत बसत नाहींत. तें आपल्या दुकानांत विकावयास ठेवतात. जॉन रिग्बी आणि कंपनी ही मूळची डब्लिनची, पुढें लंडनांत आलेली पेढी. तिचा मालक कांहीं वर्षें एन्फील्डच्या सरकारी बंदूक-कारखान्याचा अधीक्षकहि होता. या पेढीनें माउझरची इंग्लंड व वसाहतींसाठींची मुखत्यारी मिळविली, जर्मनीहून यंत्रभाग आणवून त्यांवर आपली नळी, आपला दस्ता व आपली कारागिरी चढविली, आणि मिलिमीटरचा हिशेब इंचांत मांडून त्या बोअरास ‘पॉइंट टू सेव्हन फाइव्ह’, म्हणजे २७५ बोअर, असें इंग्रजी नांव दिलें. ७ मिलिमीटर म्हणजे पाव इंचाहून किंचित् अधिक. जातच बदलल्यासारखें झालें.

या बंदुकीची गोळी लहान असते. मूळ लष्करी गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारें अकरा ग्रॅम वजनाची. १९०७ पासून रिग्बीनें १४० ग्रेनची, सुमारें नऊ ग्रॅमची, अधिक वेगवान् गोळी प्रचारांत आणली. त्या काळीं वाघावर चालवीत असत त्या ४५०/४०० बोअरच्या दुनळीची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तिप्पट जड. जड गोळीचा धक्का मोठा, पण बंदूकहि जड आणि तिचा लाथाडाहि मोठा. हलक्या बंदुकीस एकच मर्यादा असते: गोळी नेमकी जेथें लागावयाची तेथेंच लागली पाहिजे. कारामोजो बेल या टोपणनांवानें ओळखल्या जाणाऱ्या शिकाऱ्यानें याच जातीच्या बंदुकीनें आफ्रिकेंत शेंकडों हत्ती हस्तिदंताच्या व्यापारासाठीं पाडले, यावरून नेम असला तर ती काय करूं शकते हें दिसतें. बेलच्या कामाची वाखाणणी करण्याचा आमचा हेतु नाहीं. एकाच कारखान्याच्या एकाच जातीच्या दोन बंदुका एका हातीं व्यापाराचें आणि दुसऱ्या हातीं रक्षणाचें साधन होतात, एवढेंच नमूद करावयाचें आहे.

कॉर्बेटची बंदूक रिग्बीच्या विक्रीवहीप्रमाणें १९०५ सालीं कलकत्त्याच्या मॅंटन आणि कंपनी या व्यापाऱ्यांकडे रवाना झाली. शाही बंदुकांवर असतें तसें कोरीव काम तिच्यावर नाहीं. सामान्य अधिकाऱ्यानें किंवा चहाच्या मळेवाल्यानें विकत घ्यावी अशी ती साधी बंदूक. तिचें एकमेव भूषण म्हणजे दस्त्यांत बसविलेली चांदीची पट्टी. संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं कॉर्बेटला, १९०७ सालीं चंपावत येथें त्यानें नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ही बंदूक दिली, अशा अर्थाचा मजकूर पट्टीवर कोरलेला आहे.

या पट्टीमुळेंच घोटाळा माजला. चंपावतची वाघीण या बंदुकीनें मारली गेली असें अनेक ठिकाणीं छापून येतें, आणि बोलण्यांत तर सर्रास ऐकूं येतें. वस्तुतः पट्टी नीट वाचली तरी या समजाचें खंडन तिच्यांतच आहे. वाघीण मारल्याबद्दल जी बंदूक मिळाली, तिनें ती वाघीण कशी मारली जाणार? कार्य आधीं आणि कारण मागाहून, असा हा प्रकार होतो. शिलालेखांच्या वाचनांतहि आम्हीं हा दोष वारंवार पाहिला आहे. देवळास दिलेल्या इनामाचा लेख सांपडला कीं देऊळच त्या सालीं बांधलें असें ठरवून लोक मोकळे होतात.

मग वाघीण कोणत्या बंदुकीनें मारली? याचें उत्तर कॉर्बेटनें स्वतः देऊन ठेवलें आहे, आणि तें त्याच्या प्रतिष्ठेस फारसें पोषक नाहीं, म्हणून आम्ही तें विशेष विश्वसनीय मानतों. या वाघिणीनें नेपाळांत २०० माणसें मारलीं होतीं. नेपाळी सशस्त्र लोकांनीं तिला हांकून लाविल्यावर तिनें कुमाऊंत येऊन आणखी २३६ मारलीं. एकूण ४३६. चंपावतच्या तहसीलदारानें गांवोगांवचे लोक जमवून हाका केला. कॉर्बेटजवळ ५०० बोअरची रायफल आणि काडतुसें अवघीं तीन होतीं. तीं तीनहि उडालीं, वाघीण जखमी होऊन समोर उभी राहिली, तेव्हां त्यानें धांवत जाऊन तहसीलदाराच्या हातची बंदूक घेतली आणि तिनें शेवटचा बार काढला. नेम होता वाघिणीच्या उघड्या तोंडावर. गोळी लागली पंजास. बंदूक जुनाट होती, तिचा नेम सरळ नव्हता. वाघीण आधींच्या जखमांनीं मेली. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोनहि सुळे जुन्या गोळीनें मोडलेले आढळले, आणि ती माणसांवर कां आली त्याचें कारण कॉर्बेटनें त्यांतच पाहिलें. तें मानलें तर कोणा अज्ञात शिकाऱ्याच्या एका चुकार गोळीनें ४३६ जीव घेतले असा हिशेब निघतो. बंदुकीच्या प्रेमाविषयीं लिहितांना हा हिशेबहि वहींत मांडला पाहिजे.

पुढें कांहीं महिन्यांनीं नैनितालास दरबार भरून ह्यूएट साहेबांनीं तहसीलदारास एक बंदूक व कॉर्बेटबरोबर रानांत गेलेल्या माणसास एक शिकारी सुरी, अशीं नांवें कोरलेलीं बक्षिसें दिलीं. चंपावतच्या प्रकरणाच्या अखेरीस कॉर्बेट या दोघांच्या बक्षिसांचें वर्णन करतो, तीं त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या राहतील असेंहि म्हणतो. परंतु त्याच कामगिरीबद्दल स्वतःस मिळालेल्या बंदुकीविषयीं तो तेथें अवाक्षर काढीत नाहीं. ज्या वस्तूवर आपलें खरें प्रेम असतें तिच्या मानपत्राचा पुकारा माणूस करीत नाहीं, असा याचा अर्थ आम्ही घेतों. दुसरा कोणी तो निव्वळ विनय समजेल; समजो.

तहसीलदारास बंदूक मिळाली ही गोष्ट आजच्या वाचकास साधी वाटेल. ती तशी नव्हती. १८७८ सालीं लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला. नियमांत युरोपियनांस सूट होती. हिंदी प्रजेस नव्हती. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रासच्या बैठकीपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. हा प्रश्न केवळ मानाचा नव्हता, आणि याचें प्रत्यंतर कुमाऊं-गढवालच्या नरभक्षकांइतकें स्पष्ट क्वचितच मिळेल. ज्या डोंगरी गांवांत संध्याकाळीं दारें बंद करून माणसें भिंतीशीं थरथरत बसत, तेथें बहुतेकांपाशीं कोयता व कुऱ्हाड याखेरीज कांहीं नव्हतें. रुद्रप्रयागच्या बिबळ्यानें कहर केला तेव्हां सरकारनें गढवालांत आधींच चालूं असलेल्या चार हजार परवान्यांशिवाय आणखी तीनशें खास परवाने दिले. म्हणजे संकट पराकोटीस जाईपर्यंत ते रोखून धरलेले होते. कॉर्बेट हा शूर होता, गरिबांचा कळवळा असलेला होता, मोबदला न घेतां नरभक्षकांमागें जात होता, हें सर्व खरें. तथापि त्याच्या हातीं बंदूक सहज होती आणि गांवच्या पाटलाच्या हातीं ती नव्हती, ही परिस्थिति विसरून त्याच्या बंदुकीचें पूजन करणें इतिहासकारास शोभणार नाहीं. चांदीच्या पट्टीवर गव्हर्नराचें नांव आहे, शिकाऱ्याचें आहे. ४३६ मृतांपैकीं एकाचेंहि नाहीं. दान देणारास जें लिहावयाचें तेंच दानपत्रांत येतें.

बक्षीस मिळालेल्या बंदुका बहुधा भिंतीवर लटकतात. ही लटकली नाहीं, आणि येथेंच तिची खरी हकीगत सुरू होते. कॉर्बेट त्या काळांत मोकामा घाटावर गंगेपलीकडे माल चढविण्या-उतरविण्याचा रेल्वेचा मक्ता चालवीत होता. १९१७ त कुमाऊंचे पांचशें मजूर घेऊन तो फ्रान्सांतहि जाऊन आला. शिकारीस सवड मिळे ती मधूनमधून. अशा वेळीं डोंगरांत दिवसाला वीस-पंचवीस मैल चालणारास हलकी बंदूक लागते. पण तो तिचा आंधळा भक्तहि नव्हता. १९१० सालीं पनारच्या बिबळ्यानें चारशें माणसें मारल्यावर कॉर्बेट त्याच्यावर रात्रीं बसला तो छऱ्याची बंदूक घेऊन. अंधारांत माशी दिसत नाहीं, तेथें रायफलीचा अचूकपणा वायां जातो हें त्यास ठाऊक होतें. जड जनावराची गांठ पडण्याचा संभव असला तर तो ४५०/४०० ची दुनळी घेई. प्रेम असूनहि निवड डोळसपणें करावयाची, ही गोष्ट आमच्याकडील कित्येक अभ्यासकांनीं आपल्या आवडत्या बखरींच्या बाबतींत शिकण्यासारखी आहे!

रुद्रप्रयागचा बिबळ्या १९१८ ते १९२६ अशीं आठ वर्षें केदारनाथ-बदरीनाथाच्या यात्रामार्गावर वावरत होता. सरकारी नोंदींत त्याचे बळी १२५. अलकनंदा व मंदाकिनी यांच्या संगमापाशीं दोन्ही धामांचे रस्ते फुटतात. महाराष्ट्रांतलेहि हजारों यात्रेकरू त्याच वाटेनें जात असत, आणि चट्टीवर उघड्यावर झोपत असत. सांपळे, विष, स्फोटकें, सर्व उपाय हरले होते. कॉर्बेटनें १९२५ च्या शरदांत व पुन्हां १९२६ च्या वसंतांत त्याचा पाठलाग केला. गढवालचा डेप्युटी कमिशनर इबटसन त्याच्या मदतीस होता. शेवटीं गोलाबराई येथें रस्त्याच्या कडेच्या आंब्यावर माचाण बांधून, खालीं गळ्यांत घंटा बांधलेलें बकरें ठेवून तो बसला. दहा रात्री निष्फळ गेल्या. अकराव्या रात्रीं घंटा वाजली. नळीस विजेची बत्ती बांधलेली होती. कळ दाबतांच प्रकाशांत बिबळ्याचा खांदा माशीवर आला, चाप ओढला, आणि त्याच क्षणीं बत्ती विझली. गोळी लागली कीं नाहीं हें पाहाटेपर्यंत कळलें नाहीं. उजाडल्यावर खालच्या पायरीच्या शेताशीं म्हातारा, दांत झिजलेला नर मरून पडलेला दिसला. हें १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभीं झालें. बार या रिग्बीचा होता.

परंतु माणूस आणि हत्यार यांचें तादात्म्य ज्यांत पुरतें दिसतें तो प्रसंग चौगडच्या वाघिणीचा. ही वाघीण व तिचें वयांत आलेलें पिल्लूं यांनीं मिळून नैनिताल जिल्ह्याच्या पूर्व भागांत ६४ माणसें मारलीं होतीं. पिल्लूं आधीं मारलें गेलें. ११ एप्रिल १९३० रोजीं काला आगरजवळच्या रानांत कॉर्बेट दोन माणसांबरोबर एका ओढ्यांत उतरला. वाटेंत त्यास रातव्या पक्ष्याचीं दोन अंडीं सांपडलीं. अंडीं जमविण्याचा त्यास नाद होता. शेवाळांत गुंडाळून तीं त्यानें डाव्या हातांत घेतलीं. उजव्या हातांत रिग्बी, छातीवरून तिरपी धरलेली, तोंड डावीकडे. एका प्रचंड शिळेस वळसा घालून त्यानें उजव्या खांद्यावरून मागें पाहिलें, तों वाघीण आठ फुटांवर, पुढचे पाय पसरून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेली.

बंदूक तिच्याकडे वळविण्यास जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवावयाचें होतें, तेंहि एकाच हातानें, आणि इतक्या हळू कीं वाघिणीस हालचाल जाणवूं नये. त्यानें ती तशी फिरविली. दस्ता खांद्यास लागलाच नाहीं. हात जड होऊन आंखडत चालला असतांना नळीचें तोंड वाघिणीच्या अंगावर आलें आणि चाप ओढला गेला. क्षणभर कांहींच झालें नाहीं. मग वाघिणीचें डोकें सावकाश पुढल्या पंजांवर टेकलें. कॉर्बेटनें पुढें या प्रसंगाचा विचार करून आपण वांचण्याचीं तीन कारणें दिलीं आहेत: हातांतील अंडीं, बंदुकीचा हलकेपणा, आणि वाघीण नरभक्षक असणें. अंडीं नसतीं तर दोन्ही हात बंदुकीवर असते, वाघीण दिसतांच तो गर्रकन वळला असता आणि त्या हालचालीनें तिची झेंप सुटली असती. बंदूक जड असती तर एका हातानें ती फिरविणें शक्यच नव्हतें. आणि साधा वाघ असता तर इतक्या जवळ माणूस आला असें पाहून तो उठून तरी गेला असता किंवा अंगावर तरी आला असता. अंडीं त्यानें परत नेऊन घरट्याच्या जागीं ठेवलीं. थोड्या वेळानें पक्षीण त्यांवर बसलेली दिसली.

आपल्या पराक्रमाच्या हिशेबांत पक्ष्याच्या दोन अंड्यांस पहिलें स्थान देणारा आणि हत्यारास दुसरें देणारा शिकारी आम्हांस अन्यत्र आढळला नाहीं. स्वतःच्या धैर्याची त्यानें गणनाच केली नाहीं.

येथें एक शंका वाचकांच्या मनांत येईल आणि ती रास्त आहे. हे सर्व प्रसंग आपणांस कळतात ते कॉर्बेटच्याच लेखणींतून, आणि ती लेखणी बहुतांशीं १९४० नंतर चालली. चंपावतची हकीगत घडल्यानंतर ३७ वर्षांनीं मुंबईंत छापली गेली. इतक्या काळानंतरची आठवण कितपत ग्राह्य धरावी? आमचें मत असें कीं संभाषणें, अंतरें, क्षणांचा क्रम यांविषयीं सावध राहावें. परंतु कोणत्या प्रसंगीं कोणती बंदूक हातीं होती याविषयींची शिकाऱ्याची आठवण फार चिवट असते. शिवाय या साक्षींत स्वार्थाचा लेप नाहीं. चंपावतचा बार त्यानें आपल्या आवडत्या बंदुकीच्या नांवावर सहज घातला असता; त्यानें तो तहसीलदाराच्या जुनाट बंदुकीस आणि स्वतःच्या चुकलेल्या नेमास दिला. विक्रीवही आणि चांदीची पट्टी या दोन समकालीन साधनांशीं त्याचें कथन जेथें ताडून पाहतां येतें तेथें तें जुळतें. यापेक्षां बळकट पुरावा आपल्या बऱ्याचशा ऐतिहासिक तरवारींस नाहीं.

१९३० नंतर बंदुकीचें काम कमी होत गेलें. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचीं वाघांचीं छायाचित्रें पाहून कॉर्बेटचें मन कॅमेऱ्याकडे वळलें. वाघ मारण्यापेक्षां त्याचें चलच्चित्र घेणें कठीण आणि अधिक आनंदाचें, असें तो सांगूं लागला. १९३६ मध्यें संयुक्त प्रांताच्या सरकारनें रामगंगेच्या खोऱ्यांत हेली नॅशनल पार्क स्थापिलें, त्याच्या पाठीमागें कॉर्बेटची खटपट होती. नरभक्षकाचें बोलावणें आलें तरच बंदूक बाहेर निघे. शेवटचें तसें बोलावणें ठाकच्या वाघिणीचें, १९३८ सालचें. तेव्हां तो ६३ वर्षांचा होता.

१९४७ च्या नोव्हेंबरांत त्यानें नैनितालचें गर्नी हाउस विकलें आणि बहीण मॅगी हिच्यासह मुंबईच्या मार्गानें केन्यास प्रयाण केलें. जाण्यापूर्वीं त्यानें आपल्या कांहीं बंदुका रानांत नेऊन पुरल्या अशी एक हकीगत सांगतात. तिचा खरेखोटेपणा कसाहि असो, रिग्बी त्यांत नव्हती हें उघड आहे, कारण ती पुढें इंग्लंडांत निघते. ज्या माणसानें इतर हत्यारें मातींत घालण्याचा विचार केला असेल त्यानें हीच मागें ठेवली, एवढा अर्थ त्या कथेंतून काढतां येतो.

१९ एप्रिल १९५५ रोजीं न्येरी येथें कॉर्बेट वारला. बंदूक त्याच्याकडून गेली ती कोणा शिकारी मित्राकडे किंवा संग्रहालयाकडे नव्हे. ज्या संस्थेनें त्याचीं पुस्तकें छापलीं त्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे! हत्यार लेखणीच्या घरीं गेलें. तेथें ती बरींच वर्षें राहिली, आणि मग परवान्याचा प्रश्न निघाला. छापखान्यानें परवान्यावांचून रायफल ठेवणें इंग्लंडच्या पोलिसांस मान्य होईना. म्हणून ती सांभाळण्यासाठीं रिग्बी कंपनीकडे पाठविण्यांत आली. १८७८ च्या कायद्यानें ज्या प्रश्नास कुमाऊंचा कुणबी तोंड देत होता, तोच प्रश्न अखेर त्या बंदुकीच्याच वांट्यास आला, हा योग मौजेचा आहे. २०१५ सालीं रिग्बी कंपनीनें ती आपल्या मालकीची केली.

२०१६ सालीं कंपनीच्या लोकांनीं ती हिंदुस्थानांत आणून कुमाऊं-गढवालांत फिरविली. काळाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या गांवींहि ती गेली. या गांवाची हकीगत थोडक्यांत देणें जरूर आहे. कॉर्बेटनें ही पडीक जमीन १९१५ च्या सुमारास घेऊन कुळें वसविलीं, रानडुकरांपासून पिकें राखण्यासाठीं गांवाभोंवतीं दगडी कुसूं घातलें, आणि केन्यास गेल्यावरहि मरेपर्यंत जमिनीचा सारा तेथून स्वतः भरला. कुळांकडून कांहीं घेतलें नाहीं. जातांना त्यानें गांवांत एक साधी एकनळी बंदूक ठेविली होती. पट्टी नाहीं, गव्हर्नराचें नांव नाहीं. शेतांत शिरणारीं जनावरें हांकण्यासाठीं ती दिलेली. रिग्बी कांहीं दिवसांनीं लंडनास परत गेली. एकनळी छोटी हल्द्वानींतच, एका शेतकरी कुटुंबाच्या घरीं राहिली.